रायफलसोबत फुकट आलेलं खोकं

नागपुरात दहा मीटर एअर रायफल मारणारी पोरं आता बरीच दिसतात आणि नवी जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, दोन-तीन लाखांच्या घरात जाते. म्हणून सेकंडहँडचा बाजार तोंडी चालतो. नेमबाजीच्या रेंजवर कुणी सांगतं, कुणी नंबर देतं, आपण जाऊन बघतो. अशाच एका व्यवहारात माझे एक लाख दहा हजार अडकले. त्याहून वाईट म्हणजे घरात अशी वस्तू येऊन पडली, जी नुसती बाळगणं हाच गुन्हा. हे लिहायचं कारण तीच वस्तू.

विकणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, बोलायला गोड. "मुलाकडे पुण्याला चाललो भाऊ. तिथं दोन खोल्यांचा फ्लॅट, हे सामान ठेवू कुठं?" घर खरंच अर्धं आवरलेलं होतं. भिंतीवरून उतरवलेली मेडलं, दोरीनं बांधलेली पुस्तकं, दाराशी खोकी. माझी मुलगी रायफल खांद्याला लावून बघत होती तेव्हा ते कौतुकानं तिच्याकडे पाहत म्हणाले, "पोरीसाठी घेऊन राहिले ना तुम्ही? मग तुमच्याशी काय भाव करू!" दीड लाखावरून आपणहून एक लाख दहावर आले. रायफल, जॅकेट, ट्राउझर, जादा सिलिंडर, छऱ्यांचे डबे, सगळं त्यात. मात्र अमरावतीचं गिऱ्हाईक संध्याकाळी रोख घेऊन येणार होतं, म्हणून निर्णय तिथल्या तिथं हवा. हे अमरावतीचं गिऱ्हाईक पुढे पुन्हा भेटेल.

आधी रायफलचं सांगतो. या रायफली सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालतात. भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब दोनशे बार, म्हणजे कारच्या टायरच्या जवळपास शंभर पट. त्यामुळे उत्पादक सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात आणि बनावटीचा महिना-वर्ष त्यावर कोरलेलं असतं. आमच्या सिलिंडरवर नेमकं तिथं तिरंग्याचं गोल स्टिकर होतं. रेंजवर हवा भरायला नेलं, तर तिथल्या मुलानं काही न बोलता नखानं स्टिकरचा कोपरा उचकटला. खाली सप्टेंबर २०११. जादा सिलिंडर त्याहून जुना. त्यानं दोन्ही परत माझ्या हातात दिले. "काका, हे मी लावत नाही नळीला." बरोबरच होतं त्याचं. मुदत संपलेल्या सिलिंडरला शहाणा माणूस हात लावत नाही, आणि स्पर्धेच्या साहित्य तपासणीत तो पकडला गेला तर पोरीला उभंच राहू देणार नाहीत.

सिलिंडरात विकणाऱ्यांनी भरून दिलेली हवा होती तेवढी. रात्री दाबाचा काटा १८० वर होता, सकाळी १२० च्या खाली. म्हणजे सीलही गेलेले. त्यांच्या घरी काटा भरगच्च दिसला, कारण हवा नुकतीच भरलेली होती. छऱ्यांच्या डब्यांना कंपनीचं लेबल होतं, पण कडेची चिकटपट्टी नवी. आत शिसं पांढरं पडलेले छरे, बोटांना भुकटी लागत होती.

इथवरचं सगळं नेहमीचं. जुन्या मालात फसणं नवीन नाही, माणूस चडफडतो आणि दुरुस्तीला पैसे घालतो. खरी गंमत दाराशी बांधून ठेवलेल्या खोक्यात होती.

गाडीत सामान ठेवताना त्यांनी ते खोकं स्वतः डिकीत सरकवलं. "क्लीनिंगचं किट आहे, फुकट घ्या, मला काय करायचं." घरी उघडलं तर वर तेलाची बाटली, चिंध्या, ब्रश. खाली टेबलाला कसायचं हँडलवालं लोखंडी यंत्र, साचे, पावडर मोजायचं माप, आणि एका पिशवीत बारा बोअरची रिकामी, पितळी बुडाची काडतुसं. एकेकाळी शिकारीचा शौक असलेल्या घरांत काडतुसं पुन्हा भरायचं असं सामान असायचं.

मी फोन केला, सिलिंडरबद्दल बोललो, पैसे परत मागितले. आवाज तसाच गोड. "भाऊ, पावतीवर सही आहे तुमची. सर्व सामान तपासून मिळालं, असं लिहिलंय. काडतूस भरायचं मशीनही तुमच्याचकडे आहे ना? जा पोलिसात. पहिले तुम्हालाच आत घेतील."

पावती त्यांच्याच अक्षरातली, वर लिहिलेलं 'जुने क्रीडा साहित्य, जसे आहे तसे'. रायफलचा नंबर नाही, सिलिंडरचं वर्ष नाही. फक्त ते एक वाक्य आणि माझी सही.

आता कायदा बघा. २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या आणि ४.५ मिलिमीटर नळीच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास असते, म्हणून ती बिनधास्त हातोहात फिरते आणि मागे कागद राहत नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसांचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे ते लोखंडी यंत्र, एक दाणा बारूद नसताना, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. परवान्याविना दारूगोळा बनवणं किंवा विकणं याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. फुकट दिलेलं खोकं हे माझ्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं. माल खराब निघणार हे त्यांना ठाऊक, गिऱ्हाईक परत येणार हेही ठाऊक, म्हणून तयारी आधीच करून ठेवलेली. मला तर वाटतं, रायफलपेक्षा त्या खोक्यावर त्यांनी जास्त डोकं लावलं.

घरच्यांचं म्हणणं पडलं, अंबाझरी तलावात फेकून ये आणि विषय संपव. शेजारच्या वकीलसाहेबांनी मात्र दरडावलं की कशालाही हात लावू नका, खोकं होतं तसं बंद करा. फेकलं असतं तर पुरावाही गेला असता आणि पावतीवरची सही तशीच राहिली असती. शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की बाळगणं कायदेशीर राहिलं नसेल, तर शस्त्र वा दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा. त्याच धाग्यावर त्यांनी अर्ज लिहिला. खोकं कोणी दिलं, कोणत्या तारखेला, आत काय निघालं, फोनवर काय धमकी मिळाली, पैसे कोणत्या यूपीआयवर गेले, सगळं त्यात. खोक्याचे फोटो जोडले. आम्ही दोघं सोबत गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी सुरुवातीला माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं, हे खरं. पण सामान आम्हीच आणलं होतं, अर्ज हातात होता. पंचनामा झाला, पोच मिळाली. फसवणुकीचा अर्ज, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखालचा, वेगळा दिला.

कुणाकडून जुनी रायफल घेत असाल तर सिलिंडर रायफलवरून काढून वर्ष डोळ्यांनी वाचा, वर काही चिकटवलेलं असेल तर ते काढायला लावा. हवा भरून रायफल रात्रभर ठेवू द्या म्हणा, नाही म्हणाले तर उठा. पावतीत रायफलचा नंबर आणि एकेक वस्तू नावानिशी लिहून घ्या, 'सर्व सामान' असा शब्द चालवून घेऊ नका. आणि जे मागितलं नाही ते फुकट देत असतील, तर त्यांच्याच दारात उघडून बघा. बारा बोअर, साचे, रिकामी काडतुसं, यातलं काहीही दिसलं तर तिथंच सोडा. देणारा कितीही म्हणाला की शोभेला ठेवा.

पुण्याला जाणं अजून झालेलं नाही. गृहस्थ नागपुरातच आहेत, चौकशी सुरू आहे, पैसे अजून आलेले नाहीत. रायफल गनस्मिथकडे पडून आहे, नवा सिलिंडर परदेशातून यायचा आहे. दरम्यान रेंजवर ही गोष्ट पसरली आणि कामठीचा एक तरुण मला येऊन भेटला. त्यानंही याच गृहस्थांकडून एअर पिस्तूल घेतलं होतं, त्यालाही घाई अमरावतीच्या गिऱ्हाइकाचीच लावली होती, आणि त्याच्याही घरी माळ्यावर एक खोकं पडून होतं. भीतीपोटी तो कुणालाच काही बोलला नव्हता. मागच्या आठवड्यात वकीलसाहेबांनी त्याचाही अर्ज लिहून दिला.