आठ महिने एस्टोनियन पुस्तकांच्या सोबतीनं: वापरानंतरचा अनुभव

गेल्या जुलैत पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा एस्टोनियाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की राजधानीचं नाव तालिन आहे आणि तिथले लोक घरबसल्या इंटरनेटवरून मत देतात. आठ महिन्यांत चार पुस्तकं पूर्ण वाचली, एक अर्ध्यात ठेवलं, एक सध्या चालू आहे. सगळी इंग्रजी भाषांतरं. रोज रात्री तासभर हाच देश वाचल्यावर जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण सुरुवात कुठून करावी हे मला सांगणारं कुणी नव्हतं.

मी सुरुवात केली ती आंद्रुस किविरॅहक यांच्या ‘द मॅन हू स्पोक स्नेकिश’पासून. मूळ कादंबरी २००७ सालची. जंगलात राहणारी माणसं सापांची भाषा जाणतात. त्या भाषेतले शब्द उच्चारले की हरीण आपणहून पुढ्यात येऊन उभं राहतं. ही माणसं लांडगे पाळतात, त्यांचं दूध काढतात. मग समुद्रापलीकडून चिलखतधारी शिलेदार आणि पाद्री येतात, गावं वसतात. एकेक कुटुंब जंगल सोडून शेतीला लागतं, पाव खायला शिकतं, नावं बदलतं, आणि जिभेची सवय मोडल्यामुळं सापांची भाषा विसरतं. लेमेट हा ती जाणणारा शेवटचा माणूस.

पहिल्या वाचनात मला ही जुन्या काळाचे गोडवे गाणारी गोष्ट वाटली. पण ती तशी अजिबात नाही. जंगलात उल्गास नावाचा एक देवरुषी आहे, तो देवराईच्या नावानं वाट्टेल ते नियम काढतो आणि ते पुरातन असल्याचं सांगतो. गावातल्या भोळसट भाविकांवर लेखक जितका तुटून पडतो, तितकाच या उल्गासवर. हरवलेल्या भाषेचं दुःख खरं, पण त्या दुःखाचं दुकान मांडणाऱ्यांना माफी नाही, ही या पुस्तकाची धार आहे. ती मला दुसऱ्या वाचनात कळली.

भाषांतर ख्रिस्तोफर मोझली यांचं. नंतर समजलं, की मरणपंथाला लागलेल्या भाषांचा युनेस्कोचा जो नकाशासंग्रह २०१० साली निघाला, त्याचे मुख्य संपादक हेच. एस्टोनियनची सख्खी बहीण म्हणावी अशी लिव्होनियन भाषा, लॅटव्हियाच्या किनाऱ्यावरची. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या बाई २०१३ साली कॅनडात वारल्या, एकशे तीन वर्षांच्या होऊन. हे वाचल्यावर लेमेटच्या गोष्टीत मला कल्पित असं फार उरलं नाही.

तरीही नव्या वाचकाला मी इथून सुरुवात करू नका असंच सांगेन. या कादंबरीत चेष्टा कशाची चालली आहे हे कळायला आधी ती गंभीर गोष्ट माहीत हवी, आणि ती गंभीर गोष्ट म्हणजे ताम्मसारे.

आंतोन हान्सेन ताम्मसारे (१८७८–१९४०) यांची ‘ट्रूथ अँड जस्टिस’ ही पाच खंडांची कादंबरी १९२६ ते १९३३ या काळात आली. एस्टोनियात शाळेत गेलेल्या माणसाला ती ठाऊक नाही असं होत नाही. मी पहिला खंड वाचला, ‘वार्गामॅ’. एकोणिसाव्या शतकातला सत्तरीचा काळ. आंद्रेस नावाचा तरुण शेतकरी नव्या बायकोला, क्रोटला घेऊन दलदलीनं वेढलेल्या टेकाडावर येतो. जमीन कर्ज काढून घेतलेली. दगड वेचायचे, चर खणायचे, पाणी काढून द्यायचं, की इथं धान्य पिकेल, असा त्याचा हिशेब. शेजारी पेआरू. हा पेआरू सामाईक चराला बांध घालतो आणि आंद्रेसच्या रानात पाणी तुंबवतो. मग कोर्ट, साक्षीदार, खोट्या शपथा, गुत्त्यातली भांडणं. वर्षानुवर्षं.

माझ्या घरात हे नवीन नाही. वडिलांचा चुलतभावाशी बांधावरून अकरा वर्षं दिवाणी दावा चालला. मोजणी, फेरमोजणी, तारखा. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, इंग्रजी वाचत नाहीत. एका रात्री मी त्यांना चराचा प्रसंग मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “उतार कुणीकडं आहे?” दलदलीच्या देशात कधी न गेलेल्या माणसानं नेमका तोच प्रश्न विचारला ज्यावर सगळं भांडण उभं आहे. तेव्हापासून रोज रात्री वीसेक पानं आम्ही दोघांनी मिळून वाचली. सव्वा महिना लागला.

हे बांधावरचं भांडण आहे, पण तेवढंच नाही. आंद्रेसच्या त्या हट्टामागचा इतिहास कळला की पुस्तक दुप्पट खोल होतं. तेराव्या शतकापासून तिथली जमीन जर्मन सरदारांकडं. उत्तर एस्टोनियातले भूदास, म्हणजे सरदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, १८१६ साली मोकळे झाले, पण मोकळे झाले ते जमिनीशिवाय. शेत विकत घेऊन स्वतःच्या नावावर करता येणं ही आंद्रेसच्या पिढीला मिळालेली गोष्ट. सरदारांच्या मोठ्या जमिनी सरकारनं काढून घेतल्या त्या देश रशियापासून स्वतंत्र झाल्यावर, १९१९च्या कायद्यानं. म्हणजे ज्याच्या पणज्यापर्यंत कुणाकडंही स्वतःच्या मालकीची जमीन नव्हती, त्या माणसाच्या हाती आलेलं हे पहिलं टेकाड आहे. तो ते सोडणार कसा? आणि त्यापायी क्रोट मरते, गड्याचा जीव जातो, दुसरी बायको मार खाते, मुलं एकेक करून निघून जातात. शेवटी मुलगा इंद्रेक बापाला स्पष्ट सांगतो, की तुम्ही कष्ट केलेत, आईनं केले, तरी या वार्गामॅवर प्रेम काही आलं नाही. ही जागा वडिलांना वाचून दाखवताना माझा आवाज बसला. ते काही बोलले नाहीत. दिवा मालवायला सांगितला.

तिसरं पुस्तक यान क्रॉस यांचं, ‘द झार्स मॅडमन’. मूळ १९७८, इंग्रजी अनुवाद अन्सेल्म होल्लो यांचा. टिमोथेउस फॉन बॉक हा खराखुरा जर्मन उमराव. त्यानं एका एस्टोनियन शेतकऱ्याच्या मुलीशी, एवाशी लग्न केलं, आणि १८१८ साली झार अलेक्झांडरला त्याच्या राज्यकारभारातले दोष दाखवणारं पत्र लिहिलं. नऊ वर्षं तुरुंगात. १८२७ साली वेडा ठरवून घरी पाठवला, तोही नजरकैदेत. गोष्ट सांगतो एवाचा भाऊ याकोब, चोरून लिहिलेल्या रोजनिशीतून. सत्य बोलणाऱ्याला वेडा ठरवणं हे सोव्हिएत सत्तेखालच्या एस्टोनियातल्या वाचकाला इतिहास म्हणून समजावून द्यायची गरज नव्हती. क्रॉसना १९४६ साली अटक झाली होती, आठ वर्षं छावण्यांत आणि हद्दपारीत काढून ते १९५४ साली परतले. जे थेट लिहिता येत नव्हतं ते त्यांनी दीडशे वर्षं मागं नेऊन लिहिलं. सुरुवातीची साठेक पानं जड जातात, नावांचा गोंधळ होतो. एका कार्डावर नावं लिहून ते पुस्तकात ठेवा, फार उपयोग होतो.

व्हीवी लुइक यांची ‘द ब्यूटी ऑफ हिस्टरी’ छोटी आहे, १९६८च्या उन्हाळ्यातली, सोव्हिएत सैन्य प्रागमध्ये शिरल्याच्या बातम्या कुजबुजत येतात तेव्हाची. वाक्यं कवितेसारखी. मला आवडली, पण ताम्मसारे आणि क्रॉस वाचून झाल्यावरच.

अर्ध्यात ठेवलं ते ‘कालेविपोएग’. क्रॉइट्सवाल्ड नावाच्या डॉक्टरनं लोककथा-लोकगीतं गुंफून १८५७ ते १८६१ या काळात छापलेलं हे महाकाव्य, सुमारे १९,००० ओळींचं. मी कर्बी यांचं १८९५चं इंग्रजी रूप वाचत होतो, ते इंटरनेटवर फुकट मिळतं. पण ते बहुतांशी गद्य आहे, मधूनमधून पद्याचे तुकडे. मुळातल्या ओळींची खरी गंमत अनुप्रासात, एकच अर्थ दोनदा वेगळ्या शब्दांत फिरवून म्हणण्यात आहे. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्याची भूक त्या गद्यानं भागत नाही. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि या गीतांवर वेल्यो टॉर्मिस यांनी बांधलेल्या समूहगायनाच्या रचना ऐकल्या. शब्द एकही कळला नाही, पण पुस्तकात जे सापडत नव्हतं ते सापडलं.

इंग्रजीतून वाचताना आणखी काय निसटतं? एस्टोनियन भाषेला चौदा विभक्ती आहेत, लिंग मात्र नाही. तो आणि ती दोघांना एकच सर्वनाम, ‘ता’. इंग्रजीला प्रत्येक वेळी निवड करावी लागते, आपल्यालाही लागली असती. माणसांची नावं आणि गावं ओळखीची होतात, पण वाक्याचा हा मोकळेपणा भाषांतरात उरत नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणी भेटलं की सांगतो. त्यांचा मातृभाषा दिन १४ मार्चला असतो. क्रिस्त्यान याक पेटरसन या कवीचा तो जन्मदिवस, १८०१ सालचा. हा मुलगा एकविसाव्या वर्षी क्षयानं गेला. आपल्या या मातीच्या बोलीला अजरामर होता येणार नाही का, असं त्यानं कवितेत विचारलं, तेव्हा त्या बोलीत म्हणण्यासारखं साहित्य नव्हतं. आपलाही भाषेचा दिवस एका कवीच्या जन्मदिवशीच येतो, २७ फेब्रुवारीला. फक्त २०११च्या जनगणनेत आपण ८ कोटी ३० लाख होतो, आणि त्यांचा अख्खा देश तेरा लाखांचा. तेवढ्या लोकांत कादंबरीचे पाच-पाच खंड लिहिले जातात आणि वाचले जातात, याचा मला रोज नव्यानं आदर वाटतो.

खरेदीचं थोडक्यात. ही पुस्तकं छोट्या प्रकाशकांची असल्यानं दुकानात मिळण्याची आशा ठेवू नका. ‘वार्गामॅ’ ऑनलाइन मागवलं, यायला दीड महिना लागला आणि पाकीट पावसात भिजून आलं. विक्रेत्यानं तक्रारीला उत्तर दिलं नाही. त्यानंतर ई-पुस्तकं घेतली. पैसे घालण्याआधी चव घ्यायची असेल तर ‘एस्टोनियन लिटररी मॅगझिन’ हे इंग्रजी नियतकालिक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. लेखकांच्या मुलाखती आणि उतारे तिथं भरपूर आहेत.

सध्या क्रॉस यांचं ‘द रोपवॉकर’ चालू आहे, सोळाव्या शतकातलं तालिन, दोरावरून चालणारे डोंबारी बघायला लोटलेली गर्दी. मला फार आवडतं आहे. वडिलांना दोन रात्री वाचून दाखवलं. तिसऱ्या रात्री ते म्हणाले, “हे तू तुझं वाच. मला तो चरवाला पुन्हा पहिल्यापासून सांग.” काल आम्ही परत टेकाडावर पोचलो. पेआरू अजून आलेला नाही.