पाय कुठे ठेवायचे ते छापलेली गोल्फ मॅट: ५ पैकी २ स्टार, तेही रबरासाठी

एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवली, २,३५० रुपयात. कंपनीचं नाव नाही लिहीत, कारण अशा छापील मॅट बरेच जण विकून राहिले आणि फोटोत तर सगळ्या सारख्याच दिसतात. खाली जाड रबर, वर हिरवं नकली गवत, आणि उभं राहायच्या जागी पांढऱ्या रंगात पावलांच्या तीन जोड्या, एकेका क्लबसाठी म्हणजे गोल्फच्या काठीसाठी एक: जवळच्या फटक्याच्या वेजची, मधल्या अंतराच्या आयर्नची, सगळ्यात लांब मारायच्या ड्रायव्हरची. खरं सांगू तर त्या पावलांसाठीच घेतली. मला गोल्फ सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालं, त्याआधी सगळं टेनिस बॉल क्रिकेट, त्यामुळे दर बॉलला पाय किती फाकवू हा प्रश्न पडायचा आणि इथं तर उत्तर छापूनच आलं होतं.

गच्चीवर जाळी बांधली, मॅट टाकली आणि रोज सकाळी साडेपाचला सुरू, कारण मे महिन्यात नागपुरात आठनंतर गच्चीवर चप्पल काढून दाखवा. महिनाभर छापलेल्या पावलांवर पाय ठेवून मारले. आवाज मस्त, टक्क. बॉल जाळीत सणकून जायचा. मी खुश.

मग एका रविवारी कोर्सवर गेलो आणि सेव्हन आयर्ननं पहिल्या सहापैकी चार वेळा बॉलच्या मागची माती उडवली, बॉल वीस पावलांवर जाऊन बसला. बॅग उचलून सोबत चालणारा कॅडी बिचारा तीन होल गप्प होता, मग म्हणाला, "साहेब, रागावू नका, पण इतके पाय फाकवून काऊन उभे राहून राहिले? कंबर कशी फिरन मंग?"

घरी आलो आणि बायकोच्या शिलाईच्या डब्यातली टेप काढली. मॅटवर टाचांच्या आतल्या कडांमधलं अंतर ड्रायव्हरला ६१ सेंटीमीटर, आयर्नला ५०, वेजला ३८. माझी उंची ५ फूट ४ इंच आणि खांदे ४१ सेंटीमीटर. म्हणजे सेव्हन आयर्नलाच मी खांद्याच्या बाहेर नऊ सेंटीमीटर पाय टाकून उभा होतो, गोल्फ कमी आणि कबड्डी जास्त. ही पावलं सहा फुटी माणसासाठी छापली असणार, पण बॉक्सवर तसं कुठंच लिहिलेलं नाही.

आता पाय जास्त फाकले तर होतं काय? कंबर अडकते, आणि वजन उजव्या पायावरून डाव्यावर यायला लांबचा पल्ला पडतो, म्हणून ते मधेच कुठंतरी राहून जातं. वजन मागे राहिलं की स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदूपण मागे राहतो. आयर्नला तो बॉलच्या थोडा पुढे पाहिजे, आधी बॉल आणि मग माती, म्हणून तर चांगल्या खेळाडूचा डिव्हट, म्हणजे उडालेल्या मातीचा खड्डा, बॉलच्या पुढे निघतो. बॉलचा व्यास नियमानं कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर आणि बहुतेक बॉल तेवढेच असतात, एवढ्याशा गोष्टीसमोर दोन बोटांची चूकपण लपत नाही. म्हणजे गवतावर लपत नाही. मॅटवर लपते, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. क्लब मागे आपटला तरी रबरावरून घसरून बॉलपर्यंत पोचतोच, टक्क वाजतं आणि आपण समजतो मी तर लय भारी मारून राहिलो.

मग एक टेस्ट केली, फुकटातली. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर नॅपकिनची घडी ठेवली आणि क्लबच्या तोंडावर घामोळ्याची पावडर लावली म्हणजे बॉल कुठं लागला त्याचा गोल उमटतो. मॅटच्या ५० वर दहापैकी सात वेळा नॅपकिन उडाला आणि गोल कधी टोकडे (क्लबच्या पुढच्या टोकाला) कधी हीलकडे (दांड्याच्या बाजूला). पाय ३६ वर आणले तर नॅपकिन दोनदाच उडाला आणि गोल बऱ्यापैकी एका जागी. ग्रिप तीच, क्लब तोच, माणूसपण तोच.

लगेच सगळ्यांनी पाय जोडून उभं राहू नका. त्याच जोशात ड्रायव्हर पण ३० वर मारून पाहिला, फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे बॉल गेल्यानंतरच्या झोक्यात, पाण्याच्या टाकीवर जाऊन टेकलो. ड्रायव्हर लांब, वेग जास्त, बॉल टीवर म्हणजे छोट्या खुंटीवर असतो आणि क्लब वर जाताना लागला तरी चालतो, म्हणून तिथं खाली आधार रुंदच पाहिजे. माझं सध्या ड्रायव्हर ४५, सेव्हन आयर्न ३६, वेज २५ असं बसलं आहे. हे आकडे माझ्या खांद्यांचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. मारून झाल्यावर डाव्या पायावर, उजवा फक्त चवड्यावर, बॉल पडेपर्यंत न हलता उभं राहता आलं तर अंतर बरोबर समजा.

अजून एक घोळ म्हणजे तिन्ही जोड्यांसाठी बॉलचा ठिपका एकच आणि तो बरोबर मधोमध. वेजला ठीक आहे, पण ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला पाहिजे ना भाऊ. मी आता डावा पाय बॉलच्या हिशोबानं ठेवतो आणि रुंदी फक्त उजव्या पायानं कमीजास्त करतो, त्यानं बॉलची जागा आपोआप हलत नाही. आणि पावलं छापली कशी, तर रेल्वे रुळासारखी समांतर. बेन होगनसारखा जुना अमेरिकन गोल्फ चॅम्पियन उजवा पाय सरळ आणि डावा थोडा बाहेर उघडा ठेवायला सांगायचा, तसं केलं तर कंबर खरंच मोकळी फिरते.

कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं, सर, साइज सगळ्यांसाठी एकच आहे. रिटर्नची मुदत तोवर संपली होती.

चांगलं काय, तर रबर. जाड आहे, कोपर दुखत नाही, ४५ डिग्रीत गच्चीवर पडून राहिली तरी वाकली नाही. घ्यायचीच असेल तर बिनछापाची साधी मॅट घ्या, स्वस्तपण पडते. मी पांढऱ्या पावलांवर काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवली आणि माझ्या खुणा मुलीच्या लाल नेलपेंटनं केल्या. ड्रायव्हरची खूण करता करता बाटली संपली, तेवढी एक आज धरमपेठेतून आणायची आहे.