गॅरेजच्या काँक्रीट फरशीसाठी इपॉक्सी की सिलिकेट हार्डनर?

वाळूजजवळ गॅरेज बांधणाऱ्या एका स्नेह्यांपुढे हा पेच आहे. इपॉक्सी म्हणजे दोन घटक कालवून लावायचे रेझिन; त्याचा थर तेल आणि ग्रीस मुरू देत नाही. मात्र काँक्रीट ओतून किमान 28 दिवस झालेले नसतील, पृष्ठभाग ग्राइंडरने घासलेला व पूर्ण कोरडा नसेल, तर तो पापुद्र्यांनी सुटतो. ओल तपासण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून किमान 16 तास ठेवावा व खाली दव धरले का ते पाहावे. मराठवाड्यातल्या मे महिन्यात कालवलेले इपॉक्सी भांड्यातच घट्ट होऊ लागते, म्हणून हे काम पहाटेच उरकावे. उन्हाने ते पिवळेही पडते. सिलिकेट हार्डनर, म्हणजे काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण करणारा द्रव, स्वस्त असतो, फवारून लावता येतो, काँक्रीटमध्येच मुरत असल्याने सुटत नाही आणि धूळ थांबवतो, पण तेलाचे डाग पूर्णपणे रोखत नाही. इंजिनकाम रोजचे असेल तर इपॉक्सीवर खर्च करावा. वेल्डिंगच्या ठिणग्या सतत पडणार असतील तर हार्डनरच योग्य.