शॅडो टीचरचा सर्टिफिकेट कोर्स: 33 हजार दिले, काय मिळालं

शॅडो टीचर, म्हणजे खास गरजा असलेल्या एका मुलासाठी वर्गात थांबणारी मदतनीस, व्हायचंय, कोर्स करू का, एवढी फी द्यावी का असं आता बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच नीट लिहिते. मी पुण्यातल्या एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटचा चार महिन्यांचा कोर्स केला. नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी तक्रारीच्या आहेत आणि तिथल्या ज्या ताईंनी आम्हाला शाळेत शिकवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. रेटिंग द्यायचं तर प्रॅक्टिकलला पाचपैकी पाच, फी आणि सर्टिफिकेटला दोन.

आधी पैशांचं. जाहिरातीत 28 हजार लिहिलेलं असतं, त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 33,040. हे फोनवर कोणी सांगत नाही, फॉर्म भरताना कळतं. मग म्हणतात नो कॉस्ट ईएमआय आहे, पॅन आणि आधार द्या. हा ईएमआय म्हणजे फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं, वर प्रोसेसिंग फी वेगळी, आणि कोर्स मधेच सोडला तरी हप्ते भरावेच लागतात. मी सांगितलं मला कर्ज नको, दोन टप्प्यात थेट तुमच्या खात्यात भरते, तर लगेच हो म्हणाले. म्हणजे सोय आहे पण आपणहून सांगत नाहीत, मागायची.

आता सर्टिफिकेट. काउन्सेलर बाई "आरसीआय पॅटर्नचा कोर्स" असं दोनतीनदा म्हणाल्या. मी मान्यतेचं पत्र मागितलं तर म्हणाल्या सिलॅबस त्या धर्तीवर आहे. म्हणजे मान्यता नाही. हे सगळ्यांनी समजून घ्या कारण इथेच पोरी फसतात. आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, 1992 च्या कायद्याने आलेली. स्पेशल एज्युकेटर म्हणजे दिव्यांग मुलांची विशेष शिक्षिका म्हणून काम करायचं तर त्यांच्या रजिस्टरमधे तुमचं नाव हवं, सीआरआर नंबर म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक हवा, आणि तो मिळतो मान्यताप्राप्त कोर्स केल्यावर, म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. स्पेशल किंवा ग्रॅज्युएशननंतर बी.एड. स्पेशल. नोंदणी नसताना ते काम करणं हा त्या कायद्याच्या कलम 13 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे चार महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कोणी तुम्हाला "आता तुम्ही स्पेशल एज्युकेटर" म्हणत असेल तर तिथून उठा. आपण वर्गातल्या मदतनीस, आयईपी म्हणजे त्या एका मुलासाठीचा शिक्षणाचा आराखडा, तो ठरवणं आपलं काम नाही, ठरलेलं वर्गात अमलात आणणं आपलं काम. आरसीआयचाच छोटा कोर्स हवा असेल तर सीबीआयडी नावाचा सहा महिन्यांचा आहे, 2021 मधे मेलबर्न युनिव्हर्सिटीबरोबर मिळून सुरू केलेला, तो केलेल्यांना दिव्यांग मित्र म्हणतात, पण त्याचा भर वस्तीत आणि घरोघरी जाऊन करायच्या कामावर आहे, वर्गावर नाही. मान्य संस्थांची यादी आरसीआयच्या वेबसाइटवर असते, पैसे भरायच्या आधी पाच मिनिटं काढून बघा.

एवढं सगळं माहीत असूनही मी फी भरली ती फक्त प्रॅक्टिकलसाठी. शेवटचे दोन महिने रोज सकाळी एका सेमी इंग्लिश शाळेत दुसरीच्या वर्गात बसायचं आणि सुपरव्हायजर ताई मागून बघणार, असं लेखी दिलेलं होतं आणि त्यांनी ते शंभर टक्के पाळलं. या एका गोष्टीसाठी मी हा कोर्स कोणालाही सुचवीन.

ऑटिझम असलेला एक मुलगा माझ्याकडे होता. मी त्याच्या बाकाला खेटून बसायचे, वही काढून द्यायचे, पेन्सिल हातात द्यायचे, तो उठला की हात धरायचे. ताईंनी माझी खुर्ची उचलून भिंतीकडे नेऊन ठेवली. म्हणाल्या, "आता इथून बघ त्याला काय काय जमतं." आणि खरंच, बाईंनी सगळ्यांना वह्या काढायला सांगितल्यावर तो शेजारच्या मुलीकडे बघायचा आणि काढायचा, फक्त त्याला वेळ लागायचा. सांगितल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, मग बोटाने खूण करायची, मग शब्दात सांगायचं, आणि हाताला हात लावून करून घेणं सगळ्यात शेवटी, हा क्रम झूमवरच्या स्लाइडमधे मी लिहून घेतला होता, पण ते दहा आकडे किती लांब असतात ते वर्गात बसल्यावरच कळतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्गशिक्षिका त्याच्याशी बोलतच नव्हत्या, माझ्याशी बोलायच्या. "त्याला सांगा खाली बसायला," "त्याचं झालं का लिहून." बाई वाईट नव्हत्या हो, चाळीसेक मुलं वर्गात, आणि एक बाई खास त्याच्यासाठी आलीय म्हटल्यावर तो आपोआप माझ्या खात्यात गेला. ताईंनी मधल्या सुट्टीत त्यांना समजावलं की तुम्ही त्याचं नाव घेऊन त्यालाच सांगा, ही मागे उभी राहील. दोन आठवड्यांत तो बाईंच्या आवाजाला मान वर करायला लागला. शॅडो टीचरमुळे मूल वर्गात असूनही वर्गापासून तुटू शकतं आणि ते होऊ न देणं हेच आपलं खरं काम, हे मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं.

एबीसी नोंदीही तिथेच शिकले. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, असे तीन रकाने. तिसऱ्या तासाआधी तो कान दाबून बाकाखाली जायचा, सगळे म्हणायचे गणित नको म्हणून नाटक करतो. नोंदी एकाखाली एक बघितल्या तर गणिताच्या दिवशीही आणि चित्रकलेच्या दिवशीही तेच. घंटा अगदी त्या वर्गाच्या दाराबाहेर होती. मग घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला पाणी प्यायचं कार्ड दाखवून नळापर्यंत न्यायला लागलो, बाकाखाली जाणं जवळजवळ थांबलं.

थिअरी मात्र अगदीच कच्ची. स्लाइड सगळ्या अमेरिकन, आयडीईए कायदा, 504 प्लॅन, तिकडच्या शाळांचे फॉर्म. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याला एक स्लाइड, त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी, बस. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो, हे पालक आपल्याला विचारतात आणि ते मला स्वतः वाचून काढावं लागलं. मुलाला दाखवायच्या चित्रकार्डांवरही पिवळी स्कूलबस आणि सँडविच. आमच्या बॅचमधे साताऱ्याच्या आणि सोलापूरच्या मुली होत्या, आम्ही मिळून पोळीभाजी, रिक्षा, डबा, दप्तर अशी फोटोंची कार्डं बनवली आणि आधी काय करायचं, मग काय, हे दाखवणारा "आधी, मग" चा बोर्ड मराठीत केला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला "फर्स्ट, देन" कशाला?

आणि एक गोष्ट मला फार खटकली. मुलाला टॉयलेटला कोणी न्यायचं, दार कसं ठेवायचं, कपडे बदलायची वेळ आली तर कोणाला सांगून जायचं, मूल काही सांगायला लागलं तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, आपली जबाबदारी काय, याला एका तासाच्या शेवटची वीस मिनिटं. आपल्या हातात असलेली कितीतरी मुलं बोलून सांगू शकत नाहीत. याला अख्खा दिवस हवा, मी फीडबॅक फॉर्ममधेही हेच लिहिलंय.

प्लेसमेंट म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर पालकांच्या रिक्वायरमेंट येतात. मला त्यातूनच काम मिळालं, महिना 15 हजार. हा पगार शाळा देत नाही, आईवडील देतात, शाळेची फी आणि थेरपीचे पैसे भरून वर हे. त्यामुळे घासाघीस करताना जीवावर येतं, पण तरी मे महिन्याचं काय, मूल आजारी असलं तर त्या दिवसाचे पैसे कापणार का, एजन्सी मधे असेल तर तिचं कमिशन कोण देणार, हे आधी कागदावर घ्या.

ज्यांचं वय कमी आहे आणि यातच करिअर करायचंय त्यांनी हे 33 हजार डी.एड. किंवा बी.एड. स्पेशलकडे वळवा, मुंबईत एसएनडीटी आहे, श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. माझ्यासारखं घर सांभाळून सकाळचं काम हवं असेल आणि प्रॅक्टिकल खऱ्या शाळेत मिळत असेल तर हा कोर्स करा. फक्त बॅच बघून घ्या. फेब्रुवारीत सुरू होणारीचं प्रॅक्टिकल एप्रिलमधल्या परीक्षा आणि मेच्या सुट्टीत जातं आणि मग वर्गाऐवजी थेरपी सेंटरमधे बसवतात, त्यामुळे जूनची किंवा दिवाळीनंतर लगेच सुरू होणारी घ्या.