साडेसदतीसची साडेछत्तीस: नऊ महिने वापरलेली हॉकी स्टिक

आधी एक कबुली. ज्या स्टिकबद्दल लिहितोय ती मी वरून एक इंच कापलेली आहे. त्यामुळे दुकानातून आली तशी ती राहिलेली नाही. पण ती कापायची वेळ का आली, हेच नवीन खेळणाऱ्याने आधी वाचावं असं आहे.

मी रत्नागिरीचा. वय ३८, उंची पाच फूट पाच इंच, नोकरी पतसंस्थेत. शाळेत खो-खो, पुढे रविवारचं क्रिकेट, बस्स. गेल्या ऑक्टोबरपर्यंत हॉकीची स्टिक हातात धरली नव्हती. भाच्याला सरावाला सोडायला जायचो. एक दिवस दोन पोरं कमी पडली आणि सर म्हणाले, "बाकावर बसून मोबाइल काय बघताय? उतरा." सर पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

पहिले पंधरा दिवस सरांच्याच जुन्या लाकडी स्टिकवर काढले. तुतीचं लाकूड, मुठीवर कापडी पट्टी, डोकं (खालचा वळलेला भाग) झिजून पिवळं पडलेलं. तिने खेळताना बॉल कुठे लागला ते मनगटाला कळायचं. तेव्हाच तसली एखादी जालंधरी लाकडी स्टिक पाच-सहाशेत घेतली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण स्वतःची घ्यायची तर चांगली घेऊ, असं वाटतंच.

ऑनलाइन सेल लागला होता. एकच स्टिक: साडेछत्तीस इंची ३,४०० रुपयांना आणि साडेसदतीस इंची २,६०० ला. आठशे रुपये वाचतायत, एका इंचाने काय होतंय? शिवाय आपल्याकडे गणवेशापासून चपलेपर्यंत सगळं वाढत्या मापाचं घ्यायची सवय. अडतिसाव्या वर्षी मी कुठे वाढणार होतो, हा प्रश्न बुकिंग झाल्यावर पडला.

एका इंचाने काय होतं ते सांगतो. वळवत बॉल नेताना डावा हात स्टिकच्या टोकाशी असतो आणि स्टिक फिरवायचं काम तोच करतो. उजवा हात खाली नळीसारखा सैल, त्यातून दांडा नुसता फिरतो. त्यासाठी वाकून बॉल आपल्या पुढ्यात, थोडा उजवीकडे ठेवावा लागतो. स्टिक लांब असली की वरचं टोक प्रत्येक रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी फिरवून बॉल खेळताना, पोटात टोचतं. ते टाळायला माणूस कोपर बाहेर काढतो, मग सरळ उभा राहतो, आणि सरळ उभ्या माणसाच्या पायातून बॉल कोणीही काढून नेतो. भाचा अकरा वर्षांचा आहे, तोही न्यायचा. सर रोज ओरडायचे, "कमरेतून नको, गुडघ्यातून वाका." मी वाकायचो आणि पोटावर लाल वळ घेऊन घरी जायचो.

स्टिक परत करायला गेलो तर वापरलेली घेत नाही म्हणाले. त्यांचंही खरं होतं, टो, म्हणजे डोक्याचं पुढचं टोक, घासला गेला होता.

मग ती मिरकरवाड्याच्या बंदरात नेली. आमच्याकडे मासेमारीच्या बऱ्याच होड्या आता फायबरच्या असतात आणि त्या दुरुस्त करणारे लोक बंदरात आहेत. कॉम्पोझिट स्टिक म्हणजे तरी काय? काचेच्या धाग्याचे आणि थोडे कार्बनचे थर, रेझीनमध्ये भिजवून साच्यात दाबलेले. म्हटलं, ज्याला होडी कळते त्याला स्टिक कळेल. होड्या दुरुस्त करणाऱ्या तात्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, दांड्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "आतनं पोकळ हाय ह्यो. कापतो, पन तोंड बंद करावं लागंल."

वरची ग्रिप सोडून हॅक्सॉने इंचभर तुकडा काढला. कापताना ओला फडका गुंडाळला होता, कारण फायबरची भुकटी अंगाला लागली की दोन दिवस खाजत बसायचं. भोकात बोळा आणि वरून रेझीन. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलं. शंभर रुपये घेतले आणि चहा पाजला.

स्टिक कापली की तिचा तोल खाली सरकतो. वरचं वजन जातं, डोकं तेवढंच राहतं, म्हणून हातात ती आधीपेक्षा डोकेजड वाटते. वजन आमच्या सोनेतारणाच्या काट्यावर केलं (साहेब जेवायला गेले होते): आधी ५४८ ग्रॅम, नंतर ५३७. अकरा ग्रॅम हलकी झाली, पण चालवायला जडच लागली. महिनाभराने हाताला सवय झाली. तरी कोणी विचारलं तर मी कापायचा सल्ला देणार नाही. योग्य लांबीची घ्या आणि ते आठशे रुपये जाऊ द्या. माझ्या उंचीला खरं तर छत्तीसही चालली असती. ढोबळ खूण अशी: स्टिक शेजारी सरळ उभी केली की तिचं टोक कमरेच्या हाडाशी यावं. बरगड्यांकडे जायला लागली तर लांब आहे समजा.

आता कार्बनबद्दल, कारण नवीन माणूस सगळ्यात आधी तेच विचारतो. माझ्या स्टिकवर २० टक्के कार्बन लिहिलंय, बाकी फायबरग्लास. आमच्यातल्या एका इंजिनीअर मित्राने ८० टक्क्यांची घेतली, माझ्या तिप्पट किमतीची. आम्ही अदलाबदल करून बऱ्याचदा खेळलो. कार्बन जास्त म्हणजे स्टिक ताठ, आणि ताठ स्टिकवरून बॉल जोरात सुटतो. त्याची हिट माझ्यापेक्षा लांब जाते, यात वाद नाही. पण येणारा बॉल अडवायचा म्हटलं की तीच ताठ स्टिक त्याला भिंतीसारखी परत फेकते. आणि सुरुवातीला आपण हिट किती मारतो? सगळा वेळ बॉल अडवण्यात, सुटलेल्या बॉलमागे धावण्यात आणि परत अडवण्यात जातो.

त्यात आमचं मैदान. लाल माती, खाली जांभा, मधेच डोकं वर काढलेला खडा. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली आणि हळूहळू स्टिकसुद्धा टर्फच्या हिशोबाने बनायला लागल्या. तिथे पाणी मारलेल्या सपाट मैदानावर बॉल सरळ रेषेत येतो. आमच्याकडे तो येता येता दोनदा विचार बदलतो. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, दगडासारखा टणक. तो खड्यावरून उडून ताठ स्टिकला लागला की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत जातात. मित्र आता दोन हातमोजे घालून खेळतो. माझ्या फायबरग्लासने यातलं बरंच पोटात घेतलं. मातीच्या मैदानाला मी डोळे झाकून कमी कार्बनची स्टिक सांगेन.

दुसरी गोष्ट बो, म्हणजे दांड्याचा बाक. नियमाने तो २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. घरी तपासायचा असेल तर स्टिक सपाट बाजूवर टेबलावर पालथी ठेवा आणि बाकाखालून दहा रुपयांचं नाणं उभं सरकवून बघा. नाणं २७ मिलिमीटरचं आहे. ते आरपार गेलं तर स्टिक नियमाबाहेर. माझा बाक वीसच्या आसपास, दांड्याच्या साधारण मध्यावर. मित्राचा पार खाली, डोक्याजवळ, ज्याला लो बो म्हणतात. ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल ओढत नेऊन फेकायचा फटका, मारणाऱ्यांना तो लागतो, कारण बॉल त्या बाकात बसून ओढता येतो. पण नवख्याने त्याने हिट मारली की बॉल नको तेव्हा उचलला जातो. मी तशी एक हिट मारली आणि ती समोरच्या पोराच्या नडगीवर गेली. त्याने शिन गार्ड घातले होते म्हणून बरं. तेवढे मात्र स्टिकच्या आधी घ्या.

डावखुऱ्यांसाठी एक. भाचा डावरा, म्हणून मी डावी स्टिक शोधत दोन संध्याकाळी घालवल्या. सरांना सांगितलं तर ते हसले. हॉकीत डावी स्टिक नसतेच. सपाट बाजू सगळ्यांची डावीकडे आणि गोल पाठीने खेळलं की फाउल. पण वरचा, स्टिक फिरवणारा हात डावाच असल्यामुळे पोराचं काही अडलं नाही. उलट रिव्हर्स त्याचा माझ्यापेक्षा सफाईदार आहे. "मामा, तू मनगट फिरवतच नाहीस," असं मला ऐकवतो.

आता झीज. आमच्या सरावाचा अर्धा भाग भाट्याच्या किनाऱ्यावर होतो आणि खरं सांगायचं तर आमच्याकडचं सगळ्यात सपाट मैदान तेच. ओहोटीला मागे राहिलेली ओली, घट्ट वाळू. बॉल मातीपेक्षा सरळ जातो. वेळ तिथीवरून ठरते: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे त्या आठवड्यात संध्याकाळी मैदानावरच. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी साडेपाचला ओहोटी आणि आम्ही वाळूवर. सरांनी हे वेळापत्रक वहीत मांडून ठेवलंय.

पण वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. चार महिन्यांत टोवरचा रंग गेला, सहाव्यात खालच्या कडेचा थर सुटायला लागला आणि मग धागे दिसायला लागले. हे स्टिकच्या दोषात धरू का? मी धरत नाही. वाळूवर कुठलीही अशीच झिजली असती. लाकडी तर फुगली असती, खाऱ्या पाण्यात तिची शिर उघडते. पण सुटलेला धागा बोटात शिरतो, आणि नियमाने स्टिक गुळगुळीत हवी, कुठे धार किंवा कंगोरा चालत नाही. पुन्हा मिरकरवाडा. तात्यांनी सुटलेला थर घासून काढला, फायबरच्या मॅटचा हातरुमालाएवढा तुकडा रेझीनमध्ये भिजवून कडेला चढवला आणि घासून बसवला. "होडी न्हाय फुटत ह्यानं, तर तुजी काठी काय फुटंल?" नाही फुटली. वजन १४ ग्रॅमने वाढलं, तेही नेमकं डोक्यात. एक भीती होती. सामन्यात स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून जावी लागते, म्हणून थर जाड होऊन उपयोग नाही. सरांकडे कडं होतं. गेली, पण जरा कुरकुरत.

समुद्रावरून आल्यावर स्टिक नळाखाली धरायची आणि पुसून सावलीत ठेवायची. एवढं केलं तरी पुरतं. उन्हात मोटारसायकलच्या हँडलला अडकवून ठेवू नका.

ग्रिपचा मात्र वैताग आहे. सोबत आलेली गुळगुळीत पीयूची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची होती. आपल्या हवेत मार्चपासून हाताला जो घाम सुटतो त्यात ती साबणासारखी निसटते. मी आता टॉवेलसारखी कापडी ग्रिप वापरतो. घाम पिते, पण दोन महिन्यांत काळी पडते. या नऊ महिन्यांत चार झाल्या. आणि पावसाळा लागला की तिच्यावर बुरशी. जूनमध्ये स्टिक बॅगेत घालून कपाटात ठेवली होती. पंधरा दिवसांनी उघडली तर मूठ पांढरी आणि कपाटाला गटारीसारखा वास. आता ग्रिप पूर्ण काढून ठेवलीय आणि स्टिक पडवीत खुंटीला, वारा लागेल अशी. बॅगेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, चेन तिसऱ्या महिन्यात गेली.

खेळात फरक किती पडला? आता पळता पळता बॉल माझ्यापाशी राहतो, सलग पंधरा-वीस पावलं. हिट अजून वाकडीच जाते. यातलं स्टिकचं किती आणि सरांच्या ओरडण्याचं किती, ते वेगळं काढता येत नाही.

हीच स्टिक परत घेईन का? हीच, पण छत्तीसची, आणि सेल बघून नाही. अजून एखादा हंगाम ही जाईल असं वाटतं, पॅच सुटला नाही तर.

गणपतीनंतर भाच्यासाठी पहिली स्वतःची स्टिक मागवायची आहे. काल त्याला दाराच्या चौकटीला उभा करून कमरेपर्यंतचं माप घेतलं, इंचात लिहून ठेवलं. ताई स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "पोर वाढतंय. दोन इंच मोठीच घे, तीन वर्षं तरी पुरेल."