कॅनन १०० मिमी एल मॅक्रो: हात हलतो तेव्हा आयएस कितपत कामाला येतं?

कॅननची ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम ही मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून छोट्या गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स बरेच महिने माझ्या कॅमेऱ्यावर ठाण मांडून बसली आहे. लेन्स २००९ची, तिच्या शार्पनेसबद्दल आजवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. घेण्याआधी मला एकच प्रश्न पडला होता: हातात कॅमेरा धरून मॅक्रो काढताना यातलं आयएस (इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) खरंच उपयोगी पडतं का? पडतं, पण अर्ध्या वाटेपर्यंत. पुढचं काम फ्लॅशचं.

कंपनीचेच आकडे पाहा. नेहमीच्या अंतरावर ४ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा), ०.५ पट मोठेपणाला ३ आणि १:१ ला, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकारात येतो तेव्हा, २. जितकं जवळ जाल तितका फायदा कमी, आणि त्याला कारण आहे. लांबचा विषय असेल तर कॅमेऱ्याचा कोन बदलला की फोटो हलतो. कॅमेरा नुसता केसभर वर-खाली सरकला तर काही बिघडत नाही. १:१ ला मात्र कॅमेरा ०.१ मिमी सरकला की सेन्सरवरची प्रतिमाही ०.१ मिमी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, म्हणजे सोळा-सतरा पिक्सेलचा फराटा! या लेन्समधलं हायब्रिड आयएस कोनाबरोबर हे सरकणंही मोजतं, त्यासाठी आत वेगळा अ‍ॅक्सिलरेशन सेन्सर आहे. म्हणून ते २ स्टॉप तरी हाती लागतात.

फुलं, पानावरचे थेंब, पंख मिटून बसलेलं फुलपाखरू अशा अर्ध्या आकारापर्यंतच्या कामात आयएस झकास आहे. ढगाळ उजेडात १/६० सेकंदाला निवांत काढतो. १:१ ला गणित बदलतं. १०० मिमीच्या लेन्सला निदान १/१०० सेकंदाचा शटरवेग हा नेहमीचा नियम तिथे मुळातच अपुरा. आयएसशिवाय मी १/४०० च्या खाली जायला धजत नाही. म्हणजे २ स्टॉप मिळवून आपण पुन्हा त्या १/१०० पाशीच येतो. त्यात १:१ ला एफ/२.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडल्यावरचा, उजेड जवळपास एफ/५.६ इतकाच, चौथाईच उरतो, तो तोटा वेगळाच.

पण खरी डोकेदुखी पुढे-मागे डुलण्याची, आणि तिच्यावर आयएसकडे इलाज नाही. एफ/११ ला १:१ वर फोकसमधली जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. माणूस उभ्या उभ्या श्वास घेताना याहून जास्त हलतो. फोटो हलल्यासारखा दिसतो, पण मोठा करून पाहिला तर कोळ्याच्या डोळ्यांऐवजी मागचे पाय धारदार निघतात. म्हणून जवळच्या कामात मी ऑटोफोकस बंद ठेवतो, मोठेपणा आधी ठरवतो, गुडघ्यावर कोपर टेकवतो आणि हळूच पुढे झुकत डोळा स्पष्ट होताना तीन-चार फ्रेमचा बर्स्ट मारतो. काडीवरचा किडा असेल तर डाव्या हाताच्या चिमटीत काडी धरायची आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची. मग विषय आणि कॅमेरा एकत्रच हलतात. वाऱ्यातही ही युक्ती चालते, आयएसला वारा कळत नाही. किडा उडून जाण्याची तयारी मात्र ठेवा.

आता फ्लॅश. एफ/११, १/२००, आयएसओ १०० किंवा २०० आणि लेन्सच्या तोंडापर्यंत आणलेला मोठा डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा). सावलीत या सेटिंगवर आजूबाजूचा उजेड फोटोत जवळपास येतच नाही, फोटो घडतो तो फक्त फ्लॅशच्या उजेडात. आणि कमी पॉवरवरचा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश) १/१००० सेकंदाच्याही बराच आत विझतो, तेवढ्या वेळात हात हलून हलणार किती? मागची बाजू काळी येते, हा त्याचा तोटा. कडक उन्हात ही सोय जाते, उन्हाचा उजेडही फोटोत येतो आणि कडांना दुहेरी छटा दिसू लागतात.

तरी फ्लॅश लावूनही मी आयएस चालूच ठेवतो. शटर अर्धवट दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं नाचणारं चित्र क्षणात थंड होतं आणि डोळ्यावर फोकस आलाय की नाही हे दिसतं. माझ्या मते १:१ ला आयएसचा हाच सगळ्यात मोठा फायदा. कंपनीच्या स्टॉपच्या हिशेबात तो येत नाही.

ट्रायपॉडवर आयएस बंद, लाइव्ह व्ह्यू चालू आणि २ सेकंदांचा टायमर, एवढं पुरतं. लेन्स ट्रायपॉडवर बसवायची रिंग वेगळी घ्यावी लागते. आडव्या फ्रेमवरून उभ्या फ्रेमवर जाताना विषय जागचा हलत नाही, एवढ्यासाठी ती घ्यावीच.

कॅननच्या आरएफ माउंटच्या (लेन्स जोडायची नवी पद्धत; ईएफ ही जुनी) मिररलेस कॅमेऱ्यावर असाल तर २०२१ची आरएफ १०० मिमी आधी पाहा: १.४ पट मोठेपणा आणि लेन्सचेच ५ स्टॉप. जुनी ईएफ अ‍ॅडॉप्टरवर चालते, पण दोन्ही आवाक्यात असतील तर मी नवीच घेईन. दोन्हींपैकी कोणतीही घ्या, १:१ च्या कामाला हूड (लेन्सच्या तोंडावरचं, तिरपा उजेड अडवणारं आवरण) मात्र काढून ठेवा. किमान अंतर सेन्सरपासून मोजतात, त्यामुळे लेन्सच्या तोंडापुढे वीतभरही जागा उरत नाही, आणि हूड तीही खातो आणि डिफ्यूजरचा उजेडही अडवतो.