सिस्टरांचा वर्ग: मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांसाठी

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं असा मानसिक आजार. त्याचे उपचार चालतात त्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आठवड्यातून एकदा नातेवाइकांसाठी वर्ग भरतो. डॉक्टर नव्हे, विभागातल्या सिस्टर तो घेतात. केसपेपर असला की झालं, वेगळी फी नाही. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण आमचं गाव लहान आहे आणि आजाराबद्दल कुणाला सांगायचं हे दादानं ठरवायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कुणी शिकवायला उभं राहिलं की माझं लक्ष आधी शिकवण्याकडे जातं. सिस्टरांनी सुरुवातीला आजाराची व्याख्या सांगितलीच नाही. त्यांनी विचारलं, "काल रात्री तुमचा पेशंट किती वाजता झोपला?" निम्म्या लोकांना सांगता आलं नाही. मग सगळ्यांना साधी वही घालायला लावली: झोप, जेवण, अंघोळ, गोळी, बोलणं. रोज एक ओळ, बस्स. पुढच्या वेळी त्याच वह्या उघडून त्या शिकवायला लागल्या. आजार उलटण्याआधी काय काय बदलतं, ते प्रत्येकानं आपल्याच वहीतून शोधायचं. दादाची आधी झोप जाते, मग पंख्याचा आवाज सहन होत नाही, मग तो आईनं वाढलेलं ताट संशयानं बघायला लागतो. शेजारी बसणाऱ्या काकांच्या मुलीचं वेगळंच, ती अंगणात येणंच बंद करते. छापील पत्रक सगळ्यांना एकच मिळतं. ही यादी ज्याच्या त्याच्या घरची असते. मला हे शिकवणं फार मोलाचं वाटलं.

बोलायचं कसं, याचा तर चक्क सराव होतो. सिस्टर स्वतः पेशंट होऊन बसतात आणि आपण बोलायचं. "ऊठ, किती लोळशील, लोक काय म्हणतील, अंघोळ कर, गोळी घेतलीस का" असं एका दमात म्हटलं की त्या तोंड फिरवतात. "चहा झालाय, तोंड धुऊन ये" म्हटलं की उठतात. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात. आवाज ऐकू येतात असं पेशंट म्हणाला तर वाद घालायचा नाही आणि खोटी मान डोलवायचीही नाही. "मला आवाज येत नाही रे, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला," एवढंच. आईनं हे वाक्य घरी अनेकदा वापरलंय. दादा लगेच शांत होतो असं नाही, पण दार लावून घेत नाही.

यामागे अभ्यास आहे, तोही सिस्टर सोप्या भाषेत सांगतात. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांकडे नऊ महिने लक्ष ठेवलं. 1972 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सतत दोष काढले जात, राग धरला जाई किंवा काळजीपोटी माणसाला गुदमरवलं जाई, तिथे आजार जास्त वेळा उलटला. पुढे 1980च्या दशकात चंदीगडला तशीच पाहणी झाली, तेव्हा आपल्याकडच्या घरांत टोचून बोलणं लंडनपेक्षा कमी आढळलं. घरच्यांना उपचारात घेण्याची आपल्याकडे जुनी परंपराही आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकात नातेवाइकांना रुग्णांसोबत आवारात तंबूंत राहू दिलं होतं. हे ऐकताना आई ताठ बसली. तोवर तिला सगळीकडून "तुमच्या लाडामुळे झालं" हेच ऐकायला मिळालं होतं. आजार आईवडिलांच्या वागण्यानं होत नाही, घरच्या वातावरणानं तो सावरायला मदत होते किंवा अडचण होते, हा फरक सिस्टरांनी फळ्यावर दोन रकाने आखून समजावला.

औषधांबाबत त्या कडक आहेत. आमटीत गोळी मिसळून द्यायची नाही; कळलं तर विश्वास जातो आणि जेवणही सुटतं. हात थरथरणं, मान आखडणं, वजन वाढणं, एका जागी बसवेनासं होणं, हे मनानं सहन करत राहायचं नाही, सांगायचं, डोस बदलता येतो. क्लोझापीन हे औषध सुरू असेल तर ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी दाखवायचं.

कायदा आणि कागदपत्रांचं सत्र छोटं असतं, पण चुकवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार माणूस बरा असताना आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. दादानं माझं नाव दिलं. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळण्याची प्रक्रियाही इथेच नीट कळली.

आता उणिवा. वर्ग कामाच्या दिवशी सकाळी असतो, म्हणून येतात त्या बहुतेक आया, बायका, बहिणी. बाप आणि भाऊ कामावर. घरात मोठ्या आवाजात बोलणारी माणसंच वर्गाबाहेर राहतात. महिन्यातून एखादा रविवार ठेवायलाच हवा. पेशंटच्या घरातल्या मुलांसाठी काहीच नाही. माझा दहा वर्षांचा भाचा काकाला बघून काय समजत असेल, त्याच्याशी कोण बोलणार? हे काम शाळेतल्या आम्हा शिक्षकांनाही शिकवायला हवं, आणि तशी लेखी विनंती मी केली आहे. शिवाय सगळा डोलारा एकाच सिस्टरवर उभा आहे. त्या रजेवर गेल्या की वर्ग बंद. जागा म्हणजे ओपीडीच्या टोकाची खोली, बाहेर नंबर पुकारले जातात, मागच्या बाकावर ऐकू येत नाही.

दोन वर्गांच्या मध्ये रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात असा वर्ग आहे का, ते मनोविकार ओपीडीत सिस्टरांनाच विचारा, केसपेपरच्या खिडकीवर नेहमी माहिती असतेच असं नाही. जाताना चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या आणि लवकर जाऊन पुढच्या बाकावर बसा. शक्य असेल तर पेशंटशी दिवसभर ज्याची गाठ पडते, त्याच माणसाला पाठवा.